ग्रंथपाल प्रशिक्षणाला गेला, तर चावी कोणाकडे?

दरवर्षी १२ ऑगस्टला देशभरातील महाविद्यालयांत ग्रंथपाल दिन साजरा होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, नव्या पुस्तकांचे प्रदर्शन भरते, प्राचार्य वाचनाचे महत्त्व सांगतात आणि समारंभाचे छायाचित्र वृत्तपत्रांकडे रवाना होते. पाहुणे गेल्यावर खुर्च्या जागेवर लावण्याचे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाकडेच येते. ज्यांच्या नावाने हा दिवस पाळला जातो, त्यांच्या व्यवसायाची महाराष्ट्राच्या ग्रामीण महाविद्यालयांत आज काय स्थिती आहे, हा प्रश्न त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही.

तो विचारण्याला सध्या एक सबळ निमित्त आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर सहा हजार कोटी रुपये खर्च व्हायचे आहेत. तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके १ जानेवारी २०२५ पासून देशातील ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. ग्रंथालयांसाठी एवढी मोठी तरतूद एका निर्णयात यापूर्वी क्वचितच झाली असेल. मात्र नियतकालिक संगणकावर उपलब्ध असणे आणि ते एखाद्या विद्यार्थ्याने उघडून वाचणे, यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. त्याला हे काम शिकण्याची संधी मिळते का आणि त्या कामात त्याचे मन रमते का, हा विषय योजनेच्या गाजावाजात मागेच राहिला.

फुलंब्रीचे उदाहरण घ्यावे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. मका आणि कापूस पिकवणारा, पावसाकडे डोळे लावून बसणारा हा परिसर. एसटीने निघाले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे आवार तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय आहे, ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विभाग आहे आणि महाविद्यालयीन शिक्षकांना सेवांतर्गत प्रशिक्षण देणारे केंद्रही आहे. मराठवाड्यातील फार थोड्या तालुक्यांना प्रशिक्षणाची सोय इतक्या जवळ लाभली आहे. धाराशिवच्या एका टोकाला असलेल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने अंतराची तक्रार केली, तर ती समजण्यासारखी आहे. फुलंब्रीसारख्या ठिकाणी अंतराचे कारण पुढे करता येत नाही. म्हणूनच अडचणीचे खरे स्वरूप येथे अधिक स्वच्छ दिसते.

अशा गावांतील अनुदानित महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हणजे अनेकदा एक मोठी खोली, शेजारी वाचनकक्ष, लोखंडी कपाटांच्या रांगा आणि देवघेवीची खिडकी. मंजूर पदे कागदावर तीन-चार असली, तरी प्रत्यक्षात एक ग्रंथपाल आणि फार तर एक परिचर एवढ्यांवर गाडा चालतो. सकाळी येणाऱ्या बसबरोबर विद्यार्थ्यांची गर्दी होते, दुपारच्या बसबरोबर ती ओसरते. मधल्या चार तासांत पुस्तकांची देवघेव, वर्तमानपत्रांची नोंद, दाखल नोंदवही, देयके आणि ना-देय प्रमाणपत्रे उरकायची असतात. त्यातच परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण येते, प्रवेशाच्या काळात अर्जांची छाननी येते, निवडणूक आली की मतदान केंद्रावरची नेमणूक येते. ‘नॅक’चे पथक येणार असेल, तर पाच वर्षांच्या आकडेवारीचे तक्ते भरण्यासाठी सर्वांना प्रथम ग्रंथपाल आठवतो, कारण जुने कागद जपून ठेवण्याची सवय महाविद्यालयात बहुधा एकट्या त्यालाच असते. पथक परत गेले, की त्याचे महत्त्वही ओसरते.

ग्रामीण ग्रंथालयाचे रूपही गेल्या दहा-पंधरा वर्षांत पालटले आहे. स्पर्धा परीक्षा आणि पोलिस भरतीची तयारी करणारी मुले स्वतःची पुस्तके पिशवीत घेऊन येतात. त्यांना ग्रंथालयाकडून हवी असते ती खुर्ची, पंखा आणि शांतता. घरी दोन खोल्यांत सहा माणसे असताना ही मागणी अवास्तव नाही, आणि तिची पूर्तता करणे हीही एक सेवाच आहे. पण वर्गीकरण, तालिकीकरण आणि संदर्भसेवा शिकून आलेला पदव्युत्तर पदवीधर जेव्हा दिवसाचा मोठा भाग खुर्च्यांची वाटणी आणि मोबाइलवर बोलणाऱ्यांना बाहेर काढणे यांत घालवतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाचा गंज चढू लागतो. हा गंज पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही.

पगाराच्या बाबतीत महाविद्यालयीन ग्रंथपालांची बाजू तशी सुस्थितीत आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली होती. ग्रंथपालांना शिक्षकांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन द्यावे, ही त्या समितीची महत्त्वाची शिफारस. ती प्रत्यक्षात यायला दीर्घ काळ गेला, पण आली. आज महाविद्यालयीन ग्रंथपालाची सुरुवातीची वेतनपातळी सहायक प्राध्यापकाइतकीच, म्हणजे दहावी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार तिचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असून राज्याने ही श्रेणी ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केली. पात्रताही तशीच कठोर आहे: ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यातील ‘शिक्षक’ या शब्दाच्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपालाचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या दृष्टीने तो शिक्षक आहे, वेतनाच्या दृष्टीनेही शिक्षक आहे. महाविद्यालयाच्या रोजच्या व्यवहारात मात्र तो भांडारपाल असतो.

हे दुखणे निव्वळ मानापमानाचे नाही. पदोन्नतीच्या पायऱ्या चढताना प्राध्यापक सहायकाचा सहयोगी होतो, सहयोगीचा प्राध्यापक होतो. ग्रंथपालाची वेतनपातळी बदलते, पदनाम मात्र पहिल्या दिवशी होते तेच निवृत्तीपर्यंत राहते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती अनिवार्य केली. तिच्यात संस्थेचे पदाधिकारी, विभागप्रमुख, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतरांचा प्रतिनिधी आणि स्थानिक मान्यवर यांना जागा आहेत; ग्रंथपालासाठी पदसिद्ध जागा नाही. नवा अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय होतो, त्याची पुस्तके आहेत का हे जून उजाडल्यावर विचारले जाते, आणि नसल्यास दोष ग्रंथपालाच्या वाट्याला येतो. ज्या निर्णयात सहभाग नाही, त्याची जबाबदारी अंगावर घेत राहणे कोणत्याही व्यवसायात मन मोडणारेच ठरते.

नोकरीतील समाधानाचा अभ्यास करणाऱ्यांना हे अनपेक्षित वाटणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला निष्कर्ष मांडला होता. त्यांच्या मते असमाधान आणि समाधान ही एकाच काट्याची दोन टोके नव्हेत. पगार, वरिष्ठांची वागणूक, नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण तेवढ्याने कामात आनंद येत नाही. आनंद येतो तो काही साध्य केल्याच्या जाणिवेतून, कामाच्या कदरीतून, जबाबदारीतून आणि स्वतःची वाढ होत असल्याच्या अनुभवातून. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, मुलाखतींच्या पद्धतीबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. तरीही महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला तो जितका चपखल लागू पडतो, तितका क्वचितच कोणाला लागू पडत असेल. वेतन आयोगांनी त्याची नाराजी दूर केली, वाढीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

खुद्द रंगनाथन यांची कथा या संदर्भात पुन्हा सांगण्यासारखी आहे. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून ते रुजू झाले, ते ग्रंथप्रेमापोटी नव्हे. या पदाचा पगार शिक्षकाच्या पगारापेक्षा बरा होता. थोड्याच दिवसांत ते विटले. ओस ग्रंथालय, कामाचा अभाव आणि बोलायला माणूस नाही, अशा अवस्थेत त्यांनी पुन्हा वर्गात पाठवण्याची विनंती केली. तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, परत आल्यावरही नको वाटले तर विचार करू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले, डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि वर्गापेक्षाही अधिक ते हिंडून शिकले: शंभरावर ग्रंथालये त्यांनी आतून पाहिली. १९२५ मध्ये परतले, तेव्हा वर्गात जाण्याची इच्छा उरली नव्हती. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. कंटाळलेल्या एका कर्मचाऱ्याला नऊ-दहा महिने मोकळे सोडण्याची किंमत एका विद्यापीठाने मोजली, एवढे त्यामागचे प्रशासकीय सत्य. ग्रंथपाल दिनाच्या भाषणांत पाच सूत्रे येतात, ही रजा येत नाही.

त्याआधीही प्रशिक्षणाचा विचार आपल्याकडे झाला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणले आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. ज. स. कुडाळकर यांच्यासारख्या मराठी माणसाने पुढे त्या संस्थानातील ग्रंथालयांची धुरा सांभाळली.

आजची प्रशिक्षणव्यवस्था कागदावर यापेक्षा कितीतरी भरीव आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभी राहिली. त्यांचे नाव २०१५ च्या सुमारास मनुष्यबळ विकास केंद्र असे झाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे. (नामांतराचा उत्साह या क्षेत्रात कधी कमी पडलेला नाही, ग्रंथालयांचीही आता ‘ज्ञानस्रोत केंद्रे’ झाली आहेत.) आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीनुसार दहाव्या पातळीवरून अकराव्या पातळीवर जाण्यासाठी ग्रंथपालाने २१ दिवसांचा एक उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरण-अंकीकरणाविषयी किमान पाच दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पुढच्या पायऱ्यांसाठीही अशाच अटी आहेत. प्रशिक्षणासाठी कर्तव्य रजेची तरतूद आहे. तेव्हा सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही.

अडते ते फाटकाशी. इतिहासाचा प्राध्यापक २१ दिवस उद्बोधन वर्गाला गेला, तर त्याचे तास सहकारी वाटून घेतात, उरलेले नंतर भरून काढता येतात. ग्रंथपाल गेला, तर ग्रंथालय बंद होते. देवघेव नंतर भरून काढता येत नाही. ज्या मुलाला परीक्षेच्या आठवड्यात पुस्तक हवे होते, त्याला ते त्याच आठवड्यात हवे असते. शिवाय ग्रंथसाठ्याची जबाबदारी ग्रंथपालाच्या नावावर असते. तीन आठवडे चावी दुसऱ्याच्या हाती दिली आणि वर्षअखेरच्या पडताळणीत पुस्तके कमी भरली, तर जाब त्यालाच द्यावा लागणार. म्हणून प्राचार्य सुट्टीत जाण्याचा सल्ला देतात, सुट्टीत वर्ग असतोच असे नाही, आणि ग्रंथपाल पदोन्नतीला आवश्यक तेवढीच प्रशिक्षणे कशीबशी पदरात पाडून घेतो. प्रशिक्षण हे शिकण्याचे साधन न राहता सेवापुस्तिकेतील एक अडथळा होऊन बसते. संभाजीनगरचे केंद्र फुलंब्रीहून एका तासावर आहे की आठ तासांवर, याने अशा वेळी फारसा फरक पडत नाही.

करोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन झाले आणि त्यातले बरेचसे तसेच राहिले. त्यामुळे प्रवास वाचला, निवासाचा खर्च वाचला, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑनलाइन वर्गाला बसलेला ग्रंथपाल बहुतेक वेळा त्याच खिडकीत बसलेला असतो. एका कानात व्याख्यान, समोर पुस्तक परत करायला आलेली रांग. प्रमाणपत्र दोघांनाही सारखेच मिळते, लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही आणि रांग सांभाळणाऱ्यालाही. यात गमावली जाते ती रंगनाथनांना इंग्लंडमध्ये सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट, दुसऱ्यांची ग्रंथालये आतून पाहणे. एकट्याने काम करणाऱ्या माणसाला समव्यवसायी भेटणे हेच अर्धे प्रशिक्षण असते. प्राध्यापकाला स्टाफरूममध्ये आपल्या विषयाचे दोघे-तिघे सापडतात; महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच असतो.

प्रशिक्षणापलीकडे मूल्यमापनाचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे आजवर अगदीच कमी लक्ष गेले आहे. २०१८ च्या नियमावलीत ग्रंथपालाच्या वार्षिक मूल्यमापनाचा एक तक्ता जोडलेला आहे. हजेरी ९० टक्के किंवा अधिक असेल तर ‘उत्तम’. पुस्तकांची नोंद शंभर टक्के संगणकीकृत असेल तर ‘उत्तम’. साठा पडताळणीत हरवलेली पुस्तके अर्ध्या टक्क्याहून कमी असतील तर ‘उत्तम’, एक टक्क्याहून कमी असतील तर ‘समाधानकारक’. चर्चासत्रे भरवणे, सेवांचा प्रसार, प्रशासनाला साहाय्य हेही त्यात आहे. परंतु यंदा किती विद्यार्थ्यांनी पुस्तके नेली, नेणाऱ्यांत प्रथम वर्षाचे किती, गेल्या वर्षी ग्रंथालयाची पायरीही न चढलेले किती जण आज नियमित येतात, यांना मोजपट्टीवर ठळक स्थान नाही.

याचा परिणाम काय होतो, ते दहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयाचा हिशेब केला म्हणजे कळते. वर्षभरात पन्नास पुस्तके हरवली की ‘उत्तम’ हा शेरा हातचा जातो. मग विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत मोकळे सोडण्याचे धाडस कोण करील? मुक्तद्वार पद्धतीत काही पुस्तके हरवणार, काहींची पाने फाटणार, हे जगभरच्या ग्रंथालयांनी गृहीत धरले आहे. विद्यार्थी कपाटासमोर उभा राहून चाळतो, शोधायला एक पुस्तक गेलेला दुसरे घेऊन परत येतो, तेव्हाच वाचक घडतो. आपली मोजपट्टी मात्र कुलपाला गुण देते. पुस्तके जपण्याची शिस्त हवीच. सार्वजनिक पैशाने घेतलेली ती मालमत्ता आहे. पण ज्याला आयुष्यभर हरवलेल्या पुस्तकांवरून जोखले जाणार, त्याने वाढलेल्या वाचकांत आनंद मानावा, ही अपेक्षा विसंगत आहे.

आतापर्यंतचा विचार ज्यांना पूर्णवेळ, अनुदानित पद मिळाले आहे त्यांचा झाला. त्यांच्या मागे पात्र असूनही पद न मिळालेल्यांची रांग आहे, आणि तिच्यापुढे समाधानाची भाषा बोलायलाही संकोच वाटावा. राज्य सरकारने ३ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने महाविद्यालयांतील रिक्त पदांपैकी सुमारे ४० टक्के भरण्यास मुभा दिली. त्यात सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे होती आणि ग्रंथपालांची १६३. ही भरती पुरी होण्याआधीच करोनाची साथ आली आणि ४ मे २०२० च्या निर्णयाने नव्या नेमणुका थांबल्या. शिक्षकेतर पदांचे, म्हणजे सहायक ग्रंथपाल, लिपिक आणि परिचर यांचे दुखणे तर त्याहून जुने आहे. प्राध्यापकाचे पद रिक्त राहिले तर ते तासिका तत्त्वावर रेटता येते. तो अन्यायच असतो, पण वर्ग तरी भरतो. ग्रंथालयाला तासिका नसतात. तेथे पद रिक्त झाले, की एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे ‘प्रभार’ दिला जातो. प्रभारी माणसाला द्विबिंदू आणि दशांश वर्गीकरणातला फरक माहीत असण्याचे कारण नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांत ठोक मानधनावर राबणारे ग्रंथपाल आहेत. त्यांच्या बाबतीत हर्झबर्गचा पहिला टप्पाच अजून यायचा आहे.

इंटरनेटवर सगळे मिळत असताना एवढा खल कशासाठी, असे कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘एन-लिस्ट’ने नाममात्र वर्गणीत हजारो ई-नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके महाविद्यालयांना खुली केली. पण त्यासाठी प्रत्येक शिक्षक-विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते उघडावे लागते, परवलीचा शब्द द्यावा लागतो, शोध कसा घ्यायचा ते शेजारी बसून दाखवावे लागते. त्यातले बहुतांश साहित्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून बारावी होऊन कला शाखेच्या प्रथम वर्षाला आलेल्या मुलीला तेथे एकटी सोडली, तर ती दोन मिनिटांत बाहेर पडेल. तिला आधी मराठीतले एक सोपे पुस्तक, मग विश्वकोशातली एखादी नोंद आणि त्यानंतर एखादा इंग्रजी लेख, अशा क्रमाने नेणारा माणूस हवा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आता प्रकल्प आणि संशोधनाची कामे करायची आहेत. हे मार्गदर्शन ज्याचे खरे काम, त्याला ते शिकायला आणि करायला वेळ मिळतो का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. शिवाय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे. महाराष्ट्राच्या तालुक्यांतील उच्च शिक्षण मात्र मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांनी उचलून धरले आहे. त्यांची त्या दारातून आत येण्याची वेळ येईल तेव्हा तरी दार उघडून देणारा तयार असायला हवा.

कदर नेहमी शासन निर्णयातूनच येते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. सिद्धार्थचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचे नाव आंबेडकरांच्या आठवणींमध्ये ठिकठिकाणी भेटते, कारण संस्थापकाचा त्यांच्याशी ग्रंथांवरून नित्य संबंध होता. ज्या संस्थेचे चालक स्वतः पुस्तक मागायला ग्रंथालयात येतात, तेथे ग्रंथपालाला आपली जागा सांगत फिरावे लागत नाही. आजच्या किती संस्थाचालकांच्या नावे वाचकपत्रिका आहे, हे पाहण्याजोगे ठरेल.

शासनाने सहायक ग्रंथपाल आणि परिचरांची पदे भरावीत, हा यावरचा सरळ उपाय. आणि तो टाळून बाकी सारे उपाय अपुरेच राहतील. परंतु तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या कक्षेत चार जिल्हे आहेत. एकेका रस्त्यावरच्या, उदाहरणार्थ फुलंब्री-सिल्लोड पट्ट्यातील, चार-पाच महाविद्यालयांच्या मागे एक प्रशिक्षित राखीव ग्रंथपाल विद्यापीठाने नेमला, तर प्रत्येकाला आळीपाळीने तीन आठवडे मोकळे होता येईल. विद्यापीठाच्याच विभागातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि नोकरीची वाट पाहणारे तरुण या कामाला मिळू शकतात. त्यांना मानधन मिळेल, प्रत्यक्ष अनुभव मिळेल. चावी देताना-घेताना साठ्याची नमुना पडताळणी करून दोघांनी सह्या केल्या, तर जबाबदारीचा वादही उरणार नाही. मूल्यमापनाचा तक्ता बदलणे आयोगाच्या हाती आहे, पण महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला वाचकसंख्येची नोंद वार्षिक अहवालात ठळकपणे घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. विकास समितीच्या बैठकीत नव्या अभ्यासक्रमाचा विषय असेल त्या दिवशी ग्रंथपालाला निमंत्रित म्हणून बोलावण्यासही कायदा आड येत नाही.

यातले राखीव ग्रंथपालाचे काम विद्यापीठाला एका पट्ट्यापुरते, एका वर्षासाठी करून पाहता येईल. खर्च एका माणसाच्या मानधनाचा आहे. उद्बोधन वर्गांचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होते. त्याच वेळी कोणत्या महाविद्यालयात राखीव माणूस कोणत्या तीन आठवड्यांत बसेल, हेही जाहीर करता येईल.